कुड्याची साल आणि गाझियाबादची कसोटी

दिल्लीच्या पूर्वेला, हिंडन नदीच्या पलीकडे वसलेले गाझियाबाद हे कारखाने, गोदामे आणि गर्दीची वसाहत म्हणून ओळखले जाते. देशातील औषधांची व्याख्या ठरवणाऱ्या दोन संस्था याच शहरात आहेत, ही गोष्ट मात्र फारशी चर्चेत येत नाही. राजनगर भागात भारतीय औषधसंहिता आयोग आहे. आधुनिक औषधांची शुद्धता कशी मोजावी, हे तो ठरवतो. कमला नेहरू नगरात भारतीय चिकित्सा आणि होमिओपॅथी यांचा औषधसंहिता आयोग आहे. आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि होमिओपॅथी यांच्या औषधांसाठी तेच काम तो करतो. औषधसंहिता हा शब्द भारदस्त असला, तरी त्यामागचा प्रश्न अगदी साधा आहे. पुडीवर जे नाव लिहिले आहे, तेच पुडीत आहे काय?

आतड्यांच्या जुनाट दाहावर प्राचीन औषध गुणकारी ठरले, अशा बातम्या अधूनमधून झळकतात. कधी त्या चीनच्या परंपरागत वैद्यकाविषयी असतात, कधी आयुर्वेदाविषयी. वाचक लगेच विचारतो, हे औषध लागू पडते का? वैद्यकाचा इतिहास सांगतो की त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली पाहिजेत. औषध नेमके कोणते, आणि आजार नेमका कोणता? ही उत्तरे चुकली की चांगले औषध बदनाम होते, निरुपयोगी औषधाची कीर्ती वाढते, आणि दोन्हींची किंमत रुग्ण मोजतो. सह्याद्रीच्या जंगलात सर्वत्र आढळणाऱ्या कुड्याच्या झाडाची कथा हेच शिकवते.

कुडा, म्हणजे संस्कृतातील कुटज, कोकणात आणि घाटमाथ्यावर कोणाला अनोळखी नाही. त्याच्या फुलांची आणि शेंगांची भाजी केली जाते, आणि पोट बिघडले की सालीचा कडू काढा दिला जातो. मेघदूतातला यक्ष आकाशातल्या मेघाला कुटजाचीच फुले वाहतो. चरकसंहितेत निरनिराळ्या कार्यांसाठी श्रेष्ठ द्रव्यांची एक यादी आहे. कफ, पित्त आणि रक्त यांचा स्राव आवरून तो आटवणाऱ्या द्रव्यांत कुटजाच्या सालीला तीत अग्रस्थान दिले आहे. अतिसार, रक्तातिसार आणि ग्रहणी या विकारांवर कुटजारिष्ट व कुटजघनवटी आजही दिली जातात. त्याच्या बियांना इंद्रजव म्हणतात.

युरोपीय वैद्यकाशी या औषधाची गाठ पडली ती गोव्यात. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ साली गोव्याला आला आणि मृत्यूपर्यंत तेथेच राहिला. भारतातील वनौषधींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात अतिसारावर गुणकारी अशा मलबारकडील एका वनस्पतीचे प्रकरण आहे, आणि पुढील अभ्यासकांनी ती कुड्याशी जोडली आहे. नंतर मलबारच्या वनस्पतींवरील डच अधिकारी व्हान ऱ्हीडचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याच्या पहिल्याच खंडात ‘कोडगपाला’ हे नाव येते. अठराव्या शतकापर्यंत ही साल जहाजांतून युरोपात पोहोचली होती. तेथील औषधविक्रेते तिला ‘कोनेसी साल’ किंवा ‘तेलिचेरी साल’ म्हणत. हे दुसरे नाव मलबार किनाऱ्यावरील तलशेरी बंदरावरून पडले.

काही काळ या सालीचा बोलबाला झाला. मग तिच्याविषयी शंका येऊ लागल्या. एका गाठोड्यातली साल रुग्णाला बरे करी, दुसऱ्यातली काहीच करत नसे. हळूहळू तिचा वापर मागे पडला. कारण रुग्णांत नव्हते, गाठोड्यात होते. कुडा या एका नावाखाली एकाहून अधिक झाडे वावरत होती. खरा औषधी कुडा तो पांढरा कुडा. त्याच्यासोबत त्याच जंगलात काळा कुडाही वाढतो. दोन्ही झाडे एकाच कुळातली, दोन्हींना पांढरी फुले, दोन्हींना चीक आणि दोन्हींना जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. सोललेली साल पोत्यात भरली की फरक सांगणे आणखी कठीण होई. शिवाय काळ्या कुड्याच्या सालीत पांढऱ्या कुड्याची अल्कलॉइडे नसतात.

वनस्पतिशास्त्रज्ञही या घोटाळ्यातून सुटले नाहीत. लिनियसने ‘अतिसारनाशक’ हे विशेषण ज्या वनस्पतीला दिले, ती खऱ्या कुड्याच्या नव्हे, तर काळ्या कुड्याच्या वंशातली, श्रीलंकेतली वनस्पती होती. १८१० साली रॉबर्ट ब्राऊन या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दोन वंश वेगळे केले. पांढरा कुडा ‘होलऱ्हीना’त गेला आणि काळा कुडा ‘राइटिया’त. कागदावरचा गुंता सुटला, पण बाजारातला नाही. तेथे साल पूर्वीसारखीच एका नावाने विकली जात होती.

या कथेचे पुढचे पान मुंबईत लिहिले गेले. १८५८ साली मुंबईतील वैद्यकीय संस्थेच्या नियतकालिकात हेन्स यांनी कुड्याच्या सालीतून वेगळ्या केलेल्या एका अल्कलॉइडची नोंद केली. पुढे त्याला सालीच्या व्यापारी नावावरून ‘कोनेसीन’ हे नाव मिळाले. काही वर्षांतच स्टेनहाउस या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने बियांतून मिळवलेल्या अल्कलॉइडला ‘राइटीन’ म्हटले. ते नाव राइटिया वंशावरून घेतलेले होते. परंतु राइटीन आणि कोनेसीन हे एकच द्रव्य निघाले, आणि ते येते पांढऱ्या कुड्यातून. झाड ओळखण्यातली चूक अशी रेणूच्या नावातही शिरली होती.

मुंबईतच विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातील वनौषधींवर ग्रंथ लिहिला. पुढे वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ सिद्ध केला. बाजारातल्या मालाची बारकाईने छाननी करण्याची शिस्त या ग्रंथांनी घालून दिली. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे मुंबईचे शल्यवैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. बसू यांच्यासह त्यांनी रचलेला भारतीय औषधी वनस्पतींचा सचित्र ग्रंथ १९१८ साली, कीर्तिकरांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. वर्णनाबरोबर चित्र देण्यामागचा हेतू स्पष्ट होता. वनस्पतीचे नाव गावागणिक बदलते, पण पानाची ठेवण आणि शेंगेचा आकार बदलत नाही.

सामान्य लोकांनाही हा भेद अगदीच ठाऊक नव्हता असे नाही. बाजारात ‘कडू इंद्रजव’ आणि ‘गोडे इंद्रजव’ अशी दोन नावे चालत. कडू ते पांढऱ्या कुड्याचे, गोडे ते काळ्या कुड्याचे. जिभेची ही परीक्षा जुनी आणि बऱ्याच अंशी खरी होती. पण दळलेल्या चूर्णात दोन्ही मिसळले तर कडूपणा थोडा उतरण्यापलीकडे जिभेला काही कळत नाही. काळा कुडा निरुपयोगी आहे असेही नव्हे. सिद्ध वैद्यकात त्याच्या पानांचे तेल त्वचारोगांवर वापरतात, आणि चन्नपट्टणची प्रसिद्ध लाकडी खेळणी त्याच्या पांढऱ्या लाकडातून घडतात. फक्त तो पांढऱ्या कुड्याची जागा घेऊ शकत नाही.

औषधाच्या ओळखीचा प्रश्न असा हळूहळू सुटत असताना आजाराच्या ओळखीचा प्रश्न समोर येत होता. शौचावाटे रक्त आणि आव पडणे हे एक लक्षण आहे. तो एक आजार नव्हे. १८५९ साली लंडनमध्ये सॅम्युअल विल्क्स यांनी मोठ्या आतड्यातील व्रणयुक्त दाहाचे एक प्रकरण नोंदवले, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या नावाचा इतिहास तेथून मोजला जातो. १८७५ साली रशियात लॉश यांना अतिसाराच्या रुग्णाच्या मळात अमीबा दिसला. १८९७ साली जपानच्या कियोशी शिगा यांनी आमांशाचा जिवाणू शोधला. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातील दाहाचे वर्णन केले, आणि त्यातून क्रोनचा आजार हे नाव रूढ झाले.

रक्त आणि आव या एका खुणेमागे अशा निरनिराळ्या कथा निघाल्या. काही ठिकाणी बाहेरून आलेला जंतू दोषी होता. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोनच्या आजारात मात्र शरीराची स्वतःची रोगप्रतिकार यंत्रणा आतड्याच्या भिंतीवर अवाजवी मारा करत राहते. या दुसऱ्या गटाला आज आतड्यांचे दाहविकार किंवा आयबीडी म्हणतात. भेद केवळ पुस्तकी नाही. अमीबाचा संसर्ग असलेल्या रुग्णाला कोलायटिस समजून स्टेरॉइड दिले, तर संसर्ग बळावून जिवावर बेतू शकते. उलट कोलायटिसच्या रुग्णाला वर्षानुवर्षे आमांशाचे औषध देत राहिले, तर आतड्याची हानी चालूच राहते. ग्रहणी किंवा रक्तातिसार या शास्त्रीय संज्ञांचे थेट ‘आयबीडी’ असे भाषांतर करता येत नाही, ते यामुळेच. त्या संज्ञा लक्षणांवरून बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्या कक्षेत यांतले अनेक आजार येतात.

कुड्याच्या कीर्तीचा खरा आधार यांतला कोणता आजार होता, याचा उलगडा विसाव्या शतकात कलकत्त्यात झाला. तेथील उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांचे सहकारी देशी औषधांची प्रयोगशाळेत पारख करत होते. त्यांचा देशी औषधांवरील ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. कुड्याची अल्कलॉइडे अमीबाला मारतात, हे या काळातील अभ्यासांतून स्थिर झाले. साल अस्सल असेल आणि आजार अमीबाजन्य असेल, तर कुड्याला काम करण्याचे ठोस कारण होते. पुढे शुद्ध कोनेसीन गोळ्यांतून दिले गेले, तेव्हा चक्कर आणि निद्रानाश असे त्रास दिसले. १९६० च्या दशकात मेट्रोनिडाझोल आले आणि अमीबावरील उपचारांत कुडा मागे पडला. म्हणजे जुन्या वैद्यांचा अनुभव खोटा नव्हता. पण तो ज्या आजाराचा होता, त्यालाच लागू होता. जंतू मारण्याची शक्ती सिद्ध झाली म्हणून रोगप्रतिकार यंत्रणेचा दाह शमवण्याची शक्ती आपोआप सिद्ध होत नाही.

याच चोप्रांच्या अध्यक्षतेखाली देशी वैद्यकाविषयी नेमलेल्या समितीने १९४८ साली अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतरच्या चर्चेत औषधांच्या प्रमाणीकरणाचा मुद्दा सतत पुढे राहिला. १९६४ साली औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात दुरुस्ती होऊन आयुर्वेदिक आणि युनानी औषधे त्याच्या कक्षेत आली. परंतु कायद्याने भेसळ गुन्हा ठरवायची तर अस्सल कशाला म्हणायचे, हे आधी लिहून ठेवावे लागते. त्यासाठी १९७० साली गाझियाबादमध्ये भारतीय चिकित्सेच्या औषधसंहितेची प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७५ साली तेथेच होमिओपॅथीसाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आली. २०१० साली औषधसंहिता आयोग अस्तित्वात आला, आणि २०२० साली दोन्ही प्रयोगशाळा आयोगात विलीन करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला.

या प्रयोगशाळांचे काम दिसायला नाट्यमय नाही. सालीचा तुकडा प्रथम डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने तपासला जातो. मग त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. पांढऱ्या कुड्याच्या सालीत जाड भिंतींच्या अश्मपेशींचे पट्टे आणि त्यांच्यालगत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात. चूर्ण झाल्यावरही या खुणा पुसल्या जात नाहीत, आणि येथेच जिभेला हरवणारी भेसळ पकडता येते. त्यानंतर नमुना जाळून राख मोजतात. ती जास्त भरली, तर माती मिसळलेली असण्याचा संशय येतो. पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये किती अंश विरघळतो, हे पाहतात. पातळ थराच्या वर्णलेखनात अर्काचा थेंब वर चढताना घटकांचे पट्टे वेगळे होतात, आणि त्यांची रांग अस्सल नमुन्याशी ताडून पाहता येते. शिवाय शिसे, पारा, आर्सेनिक आणि बुरशीची विषे यांची तपासणी असते. आयुर्वेदिक औषधसंहितेत कुटजाची व्याख्या अशी नेमक्या शब्दांत बांधलेली आहे. ओर्ताच्या काळापासून जो गोंधळ चालत आला, त्यावर हे लेखी उत्तर आहे.

चीनलाही हाच मार्ग चालावा लागला. चिनी औषधसंहितेची पहिली आवृत्ती १९५३ साली निघाली, आणि १९६३ च्या आवृत्तीत परंपरागत औषधांना स्वतंत्र भाग मिळाला. तरीही नावातल्या सारखेपणाने पुढे मोठा घात केला, आणि तो युरोपात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समधील वजन घटवण्याच्या एका चिकित्सालयात ‘फांगजी’ ही चिनी वनस्पती दिली जात होती. तिच्याऐवजी ‘ग्वांग फांगजी’ ही वेगळ्याच कुळातली, विषारी ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती वापरात आली. सुमारे शंभर रुग्णांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि पुढे त्यांच्यापैकी अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. कुड्याच्या बाबतीत चुकीच्या सालीने फार तर गुण आला नसता. येथे चुकीच्या मुळीने माणसे उद्ध्वस्त केली.

ओळख पक्की झाल्यावरच पुढचा प्रश्न विचारता येतो, आणि त्याचे उत्तर नेहमी मनासारखे येत नाही. कालमेघ ही वनस्पती भारतात आणि चीनमध्ये दोन्हीकडे वापरली जाते. तिच्या प्रमाणित अर्काची चाचणी अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या २२४ रुग्णांवर आठ आठवडे झाली. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रोज १८०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांना उतार पडला. केवळ नकली गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण ४० टक्के होते. आशा वाढली आणि मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. २०१४ साली मधल्या टप्प्यावरच्या विश्लेषणात अपेक्षित लाभ दिसण्याची चिन्हे नसल्याने त्या थांबवल्या गेल्या.

‘छिंग दाई’ या चिनी औषधाची कहाणी उलट बाजूची आहे. निळीच्या वनस्पतींच्या पानांपासून काढलेले हे निळे चूर्ण. त्यातील घटक आतड्याच्या पेशींमधल्या एका विशिष्ट ग्राहकाला चेतवतात, आणि श्लेष्मल आवरणाच्या दुरुस्तीला चालना मिळते. जपानमध्ये २०१६ साली ८६ रुग्णांवर चाचणी झाली. आठ आठवड्यांनंतर नकली गोळीच्या गटात १३.६ टक्के रुग्णांना उतार पडला होता. औषधाच्या तीन मात्रांच्या गटांत हेच प्रमाण अनुक्रमे ६९.६, ७५ आणि ८१ टक्के होते. असा फरक या आजारात क्वचितच दिसतो. तरीही चाचणी ठरल्याआधी थांबवावी लागली. हेच चूर्ण स्वतःच्या मनाने घेणाऱ्या एका रुग्णात फुफ्फुसाच्या धमन्यांतला रक्तदाब धोकादायक पातळीवर वाढल्याचे समोर आले होते. जे औषध खरोखर काम करते, ते अपायही करू शकते. नैसर्गिक हा शब्द त्यापासून संरक्षण देत नाही.

येथे एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. कुड्याच्या गाठोड्यात शिरून त्याचे नाव घालवणाऱ्या काळ्या कुड्याच्या शास्त्रीय नावात ‘टिंक्टोरिया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ रंगाऱ्याची. त्याच्या पानांपासूनही निळा रंग काढला जात असे. पण म्हणून तो छिंग दाईचा पर्याय ठरत नाही. रंग एक, घटकांचे प्रमाण वेगळे, आणि चाचणी तर झालेलीच नाही. साधर्म्य पाहून औषध ठरवण्याचा मोह किती सहज होतो, हे या योगातून कळते.

या साऱ्याचे महत्त्व भारतात वाढत जाणार आहे. आतड्यांचे दाहविकार हे पाश्चात्त्यांचे दुखणे आहे, असा समज दीर्घकाळ होता. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पंजाबमधील घरोघरच्या पाहणीत दर लाख लोकांमागे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे ४४.३ रुग्ण आढळले, आणि तो समज टिकला नाही. आजार वर्षानुवर्षे चालतो, तरुण वयातही गाठतो, कधी शमतो तर कधी उसळतो. अशा रुग्णाला परंपरागत औषधाची ओढ वाटणे अगदी स्वाभाविक आहे. आपोआप आलेला उतार औषधाच्या खात्यावर जमा होण्याची शक्यताही याच आजारात सर्वाधिक असते. म्हणूनच तुलनेसाठी नकली गोळीचा गट लागतो, आणि म्हणूनच चालू औषधे डॉक्टरांना न विचारता सोडणे धोक्याचे ठरते.

गाझियाबादची कसोटी या प्रवासाची पहिली पायरी आहे. साल पांढऱ्या कुड्याची आहे, एवढेच ती सांगते. ती कोणत्या आजारावर, किती मात्रेत, किती काळ आणि कोणत्या धोक्यासह द्यावी, हे सांगायला रुग्णांवरील काटेकोर चाचण्याच लागतात. परंतु ही पहिली पायरी गाळली, तर पुढची प्रत्येक पायरी हवेत राहते. पोत्यात कोणती साल होती हेच ठाऊक नसेल, तर यशस्वी चाचणीही काही सिद्ध करत नाही आणि अयशस्वी चाचणीही काही खोडून काढत नाही. दोनशे वर्षांपूर्वी युरोपच्या बाजारात कुड्याचे नाव गेले, ते त्याच्या गुणाची परीक्षा होऊन नव्हे. परीक्षेला बऱ्याचदा दुसरेच झाड बसले होते.